दादाला औषधाच्या चाचणीबद्दल कोणीच का नाही सांगितलं?

तुरीचं_शेत

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. इथं बरीच वर्षं नुसती वाचत आले, लिहिते पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा दादा यंदा पोळ्यानंतर चौथ्या दिवशी गेला. वय ४६. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, वीस वर्षांपासून. उजव्या गालाला आतून फोड आला, तो उष्णतेचा म्हणून तीन महिने गेले. मग नागपूरला ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा काढला, शेक (रेडिएशन) दिला. आठ महिन्यांनी मानेत परत गाठ आली. आता ऑपरेशन होणार नाही म्हणाले. जवळ पडतं म्हणून केमो जिल्ह्याच्या ठिकाणी सुरू केली, सरकारी योजनेतून. आमचे पैसे लागले नाहीत, तेही सांगितलं पाहिजे.

तिसऱ्या केमोच्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा जावई बोलता बोलता म्हणाला, "माझ्या काकांना असंच परत आलं होतं. ते मुंबईला एका अभ्यासात आहेत, औषध तिकडूनच मिळतं." मी नंबर घेतला आणि त्याच संध्याकाळी फोन लावला. उचलणाऱ्या बाईंनी फार नीट विचारपूस केली. वय किती, गिळता येतं का, स्वतःचं स्वतः करतात का, आधी काय काय झालं. मग विचारलं, "गाठ परत आल्यावर केमो सुरू झाली का?" मी म्हटलं, तीन झाल्या. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, या अभ्यासात परत उद्भवल्यावर एकही केमो न झालेलेच पेशंट घेता येतात. पहिल्या केमोच्या आधी फोन आला असता तर निदान तपासून पाहिलं असतं."

त्यांनी दादाला घेतलंच असतं असं मी म्हणत नाही. घेतलं असतं तर तो वाचला असता असंही म्हणत नाही. पण अशी औषधाची चाचणी असते हे आम्हाला कळलं ते खाटेशेजारच्या एका अनोळखी माणसाकडून, आणि तेही उशिरा.

तेरवी झाल्यावर मी डॉक्टरांना भेटायला गेले. भांडायला नाही, विचारायला. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "ताई, तुम्ही गेला असता का मुंबईला? दर तीन आठवड्यांनी? ऐन वेचणीच्या दिवसांत?" मी म्हटलं, "ते आम्हाला विचारायचं होतं ना, सर." ते म्हणाले, "लोक नाहीच म्हणतात." आणि मग खिडकीकडे बघत बसले.

हा माणूस रात्री अकराला आमचा फोन उचलायचा. दादाचं तोंड उघडत नव्हतं तेव्हा स्वतः वाकून नळी घालायचा. म्हणूनच मला समजत नाही. वाईट माणूस असता तर मी सोडून दिलं असतं. चांगल्या डॉक्टरने का सांगितलं नाही? इथं कोणी डॉक्टर असतील तर खरं लिहा, मला सांत्वन नको आहे.

वऱ्हाडी_मास्तर

ताई, वाचून गलबलून आलं. आमच्या गावात एकाच आळीत तीन घरांत हाच आजार आहे. लहान पोरं पानठेल्यावर खर्रा घोटताना बघतात आणि आठवीत गेले की स्वतः मागतात. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र सर्रास चालू. पण तो वेगळा विषय झाला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मलाही वाचायचं आहे.

कपाशी_अकोट

उत्तर सरळ आहे. पेशंट गेला की पैसा गेला. योजनेत प्रत्येक केमोमागे दवाखान्याला रक्कम मिळते, मग कोण हातचा पेशंट मुंबईला पाठवील? माझ्या मेहुण्याच्या वेळी फाइलची झेरॉक्स मागितली तर आठ दिवस फिरवलं होतं. मी तरी कोणाला चांगला डॉक्टर वगैरे म्हणणार नाही.

गावठाण_दवाखाना

मी डॉक्टर आहे. कॅन्सरतज्ज्ञ नाही, सर्जन. तालुक्याच्या गावी २२ वर्षं झाली. तोंडाची गाठ, स्तनाची गाठ बहुतेक वेळा आधी माझ्याच टेबलावर येते.

ताई, तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी असतो तर मीही बहुधा सांगितलं नसतं. तुम्ही खरं विचारलंत म्हणून तसंच लिहितो.

पहिली गोष्ट, माहीतच नसतं. कुठल्या आजाराची कुठली चाचणी आज कुठे चालू आहे, हे आम्हाला कोणी कळवत नाही. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया ही सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि जून २००९ पासून चाचणीची नोंद तिथे करणं बंधनकारक आहे. घरबसल्या कोणालाही फुकट पाहता येते. कोणती केंद्रं, कोणते पेशंट घेणार, कोणते नाही, संपर्क कोणाशी, सगळं असतं. पण ते असतं इंग्रजीत आणि तज्ज्ञांच्या भाषेत. मी ती पहिल्यांदा उघडली २०२१ साली, सख्ख्या मावशीसाठी. म्हणजे नोंदवही सुरू झाल्यावर चौदा वर्षांनी, आणि तीही घरातलं माणूस आजारी पडलं तेव्हा. 'भरती चालू' असं लिहिलेल्या ठिकाणी फोन लावला तर जागा संपलेल्या. बाहेर साठ माणसं बसलेली असताना हे रोज कोण करणार? मी तरी केलं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. बऱ्याच वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरच्या एका बाईंना मी मोठ्या शहरात एका चाचणीसाठी पाठवलं होतं. भाव पडलेला असताना नवऱ्याने घरातलं सोयाबीन विकून पैसे उभे केले. तिथे तपासण्यांतच दहा दिवस गेले. हिमोग्लोबिन कमी निघालं, नाही घेतलं. परत आल्यावर नवरा माझ्यासमोर बसून एवढंच म्हणाला, "साहेब, तुमी पाठोलं म्हणून गेलतो." बाईंची केमो जवळजवळ महिनाभर लांबली. त्या केंद्राकडून मला एक ओळ आली नाही, का घेतलं नाही, आता पुढे काय करा, काहीच नाही. त्यानंतर सात-आठ वर्षं मी एकालाही पाठवलं नाही. एका अनुभवावरून मी बाकीच्या सगळ्यांचा रस्ता अडवला.

तिसरं म्हणजे 'प्रयोग' हा शब्द. गावात डॉक्टरची अब्रू हीच त्याची पुंजी. उद्या चाचणीत काही बरंवाईट झालं तर 'यानं आमचं माणूस प्रयोगाले देलं' हे वाक्य आठवडी बाजारात फिरणार. त्यापेक्षा पुस्तकात लिहिलेली केमो दिली आणि पेशंट गेला तर लोक नशिबाला बोल लावतात, डॉक्टरला नाही.

पैशाचं कपाशी भाऊंनी लिहिलं ते खोटं नाही, असं होतं. पण मी ज्यांना ओळखतो त्यांच्यात हे कारण बरंच मागे आहे. पुढे आहे ते हे: आम्ही पेशंटच्या वतीने उत्तर देऊन टाकतो. दारातून आत येताना चप्पल बघतो, सोबत कोण आलंय ते बघतो, आणि मनातल्या मनात ठरवतो की हे काही मुंबईला जाणार नाहीत. मग विचारतच नाही. त्याच दिवशी बँकेतले साहेब आले तर त्यांना मात्र चार पर्याय सांगतो. 'लोक नाहीच म्हणतात' असं तुमचे डॉक्टर म्हणाले. मी स्वतःला विचारलं, मला आजवर नाही म्हणाले ते किती जण? मोजून दोन. कारण विचारलंच होतं तीन-चार जणांना.

एक सावधगिरी. चाचणी म्हणजे जास्त चांगला उपचार, असं समजू नका. कोणतं औषध बरं हे माहीत नसतं म्हणूनच चाचणी करतात. कित्येकदा नवीन औषध जुन्याइतकंच निघतं, कधी त्याहून वाईट.

तुरीचं_शेत

डॉक्टरसाहेब, तुम्ही लिहिलेलं तीनदा वाचलं. चपलेचं वाचून मी उठून बाहेर अंगणात गेले. दादा दवाखान्यात जाताना नेहमी स्लीपर घालूनच जायचा, पायाला सूज होती म्हणून. त्याच्याकडे चांगले बूट होते.

राग नाही आला. खरं लिहिल्याबद्दल आभार.

भंडाऱ्याची_लेक

मी एका रुग्णालयात चाचण्यांची समन्वयक म्हणून काम करते. आधी स्टाफ नर्स होते. ताईंना फोनवर जे ऐकावं लागलं ते वाक्य मीही कितीतरी लोकांना सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी ते सांगताना घशात अडकतं.

डॉक्टरसाहेबांनी लिहिलं की केंद्राकडून परत काही कळवलं जात नाही. बरोबर आहे, ही चूक आमची आहे. पेशंट घेतला नाही तर आमच्या वहीत कारण लिहिलं जातं, पण ज्यांनी पाठवलं त्यांना फोन करायचं कोणाच्याच कामात लिहिलेलं नाही.

नाकारलं का जातं ते थोडं सांगते, म्हणजे कोणाला वाटायला नको की ओळख लागते. चाचणीत कोणते पेशंट घ्यायचे याच्या अटी आधीच ठरलेल्या असतात, त्यात आम्हाला काडीचाही बदल करता येत नाही. हिमोग्लोबिन, किडनी, लिव्हर, आधी घेतलेली औषधं, कावीळ ब. आणि पेशंटची ताकद. ती ० ते ४ अशी मोजतात, ० म्हणजे आजारापूर्वीसारखा हिंडता-फिरता, ४ म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. बहुतेक चाचण्यांना ० किंवा १ लागतो, काहींना २ चालतो. आपल्याकडचा माणूस येतो तोवर महिनाभर पोटात पातळ पेजेशिवाय काही गेलेलं नसतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे सिकलसेलही बराच आहे, त्यात हिमोग्लोबिन मुळातच कमी. मुंबई-दिल्लीत बसून अटी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हा माणूस नसतो, हे माझं प्रामाणिक मत आहे.

डॉक्टर मंडळींना एकच विनंती. पेशंटला गाडीत बसवण्याआधी फोन करा. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवा. दहातले पाच-सहा प्रश्न तिथेच सुटतात, सोयाबीन विकायची वेळ येत नाही.

आता संमतीबद्दल. माहितीपत्रक पेशंटच्या भाषेत द्यावं लागतं. लिहिता-वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार बसवून सगळं वाचून दाखवतात, मग अंगठा. काही नवीन औषधांच्या चाचण्यांत दुर्बल गटातल्या माणसाच्या संमतीचं चित्रीकरणही करावं लागतं. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईची तरतूद आहे. मधेच सोडायचं असेल तर कारण न देता सोडता येतं, नेहमीचा उपचार थांबत नाही. पत्रकावर नीतिमत्ता समितीचा, म्हणजे चाचणीवर नजर ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो. तो मी स्वतः बोट ठेवून दाखवते.

पण या सगळ्याआधी गाडी अडते ती दारातच. मुलगा मला बाजूला घेतो आणि म्हणतो, "सिस्टर, बाबांसमोर कॅन्सर शब्द काढू नका." मग मी संमती कशाची घेऊ? ज्याला आपला आजारच माहीत नाही त्याच्यासमोर चाचणीचा कागद कसा ठेवू? किती डॉक्टर याच कारणाने विषय काढत नाहीत ते मी बघितलं आहे. नातेवाइकांनी 'सांगू नका' म्हटलं की डॉक्टरलाही सुटल्यासारखं वाटतं.

धुऱ्यावरचा_माणूस

भंडाऱ्याच्या ताईनं लिवलं ते आमच्याच घरचं हाय. मले लिवता नीट येत नाई, समजून घ्या.

आमच्या बाबाले गळ्याचा कॅन्सर निंगाला. मोठ्या भावानं सांगतलं, बाबाले सांगाचं नाई, हाय खाईन. आमी मणलं गळ्यात गाठ हाय, शेक द्या लागते. नागपूरच्या डॉक्टरनं भावाले मणलं का एक नवीन औषधाचा अभ्यास चालू हाय, पण पेशंटसंग आमाले बोला लागन. भाऊ नाई मणला. तिथंच इषय संपला. बाबा भायेर बाकड्यावर बसून व्हते, टोपी मांडीवर ठिवून. आमी आत त्यायच्या जिवाचं ठरवून रायलो व्हतो अन् ते भायेर बसून व्हते.

सा महिन्यानं बाबा मले मणले, "मले समदं मालूम हाय रे. तिथं पाटीवर लिवलं व्हतं मोठ्या अक्षरात. मी चौथी शिकलो ना." मंग मणले, "मले इचारलं असतं तं मी हो मणलो असतो. घरी बसून काय करत व्हतो?"

डॉक्टरनं तं सांगतलं व्हतं. आमीच नाई सांगतलं.

वऱ्हाडी_मास्तर

भाऊ, तुम्हाला लिहिता येत नाही असं परत म्हणू नका.

जुना_कार्यकर्ता_वर्धा

धागा चांगला चालला आहे, पण दुसरी बाजू नोंदवतो. डॉक्टर कचरतात, लोक घाबरतात, त्यामागे इतिहास आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लसीचा अभ्यास झाला. २०१० मध्ये तो थांबवला गेला. मुलींचे जे मृत्यू झाले ते लसीमुळे झाल्याचं चौकशीत दिसलं नाही. पण खम्ममच्या आदिवासी वसतिगृहांत संमतीच्या कागदांवर आई-बापांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, भरपाईचे नियम आले, ते त्या भांडणातून आले. वर भंडाऱ्याच्या ताईंनी जे हक्क लिहिले ते कोणी आपणहून दिलेले नाहीत.

आपल्या राज्यातलंच बघा. उस्मानाबाद जिल्ह्यात ५२ ग्रामगटांतल्या १,३१,७४६ बायांचा अभ्यास झाला, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयामार्फत, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात हे जगाला त्यातून कळलं. ज्यांना कळलं त्यांत मोठमोठे देश होते. पण तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायांना तपासणी दिली गेली नव्हती, आणि त्यावर पुढे बरीच टीका झाली. ज्ञान आपल्या बायांच्या जिवावर मिळालं, आणि आज आपल्याच किती तालुक्यांत ती तपासणी होते? म्हणून माझं म्हणणं, पाठवा, पण डोळे उघडे ठेवून पाठवा. चाचणी संपल्यावर ते औषध आपल्या माणसाला मिळत राहणार का, हे सहीच्या आधी विचारा.

गोंडवनातून

जुन्या कार्यकर्त्यांशी सहमत, फक्त एक भर. विदर्भाला चाचणी हा शब्द नवा नाही. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून बाळांची घरी काळजी घेतली, ४७ गावं तुलनेला होती. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. माझी आत्या त्यातल्या एका गावातली. तिला विचारा, ती 'आमच्या गावचा अभ्यास' म्हणते, प्रयोग म्हणत नाही. लोकांना आधी बसवून सांगितलेलं असलं की शब्द बदलतो.

बडनेरा_जंक्शन

माझी आई मुंबईत स्तनाच्या कॅन्सरच्या एका चाचणीत होती. प्रत्यक्ष काय होतं ते लिहितो, कोणाला उपयोग होईल.

आम्हाला अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी स्वतःहून सांगितलं. त्यांचं शिक्षण मुंबईत झालेलं, तिथल्या विभागात त्यांची ओळख होती, म्हणून त्यांना माहीत होतं. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो असतो तर कळलंच नसतं. एवढ्याशा योगायोगावर सगळं.

कोणाला कोणता उपचार हे तिथे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. आईला नेहमीचाच उपचार आला, नवीन औषध नाही. मी चिडलो. एवढ्या लांब येऊन तेच? तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की हा नेहमीचा उपचार म्हणजे आज जगात जो सर्वांत चांगला मानतात तो, नुसती साखरेची गोळी नाही. आई मला म्हणाली, "तू कायले चिडतं? मायासंग बसलेल्या बाईले तं भेटलं ना ते." आई आज बरी आहे. चाचणीमुळे असं मी म्हणू शकत नाही, तिला तर नेहमीचंच औषध मिळालं. पण दर भेटीला वेळेवर तपासणी, आणि तारीख चुकली की फोन, हे इथे मिळालं नसतं.

आता त्रास. विदर्भ एक्सप्रेसच्या अकरा वाऱ्या. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के, पण त्यासाठी दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. तो पहिल्याच भेटीत घ्या, आम्ही तीन वाऱ्या पूर्ण पैसे भरून केल्या. राहायला दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा. आपल्या शेंडगावच्या माणसाच्या नावाने परक्या शहरात आपल्याच लोकांची सोय व्हावी, याचं मला दर वेळी भरून यायचं. प्रवासाचा भत्ता मिळाला, पण उशिरा, आणि पावत्या जपाव्या लागल्या. माझी दीड महिन्याची मजुरी बुडाली ती कोणी भरून देत नाही. डॉक्टरांनी हे सगळं आधी सांगायला हवं. 'जाल का?' एवढंच विचारलं तर माणूस घाबरून नाही म्हणतो. तिकीट असं, राहणं असं, भत्ता असा, हे सांगून विचारलं तर विचार करतो.

वाचणारी_नागपूर

>> लोक नाहीच म्हणतात

यावर अमेरिकेतल्या कॅन्सर पेशंटांचा अभ्यास झाला आहे. २०१९ मध्ये आलेल्या एका विश्लेषणात दिसलं की निम्म्याहून जास्त पेशंटांसाठी त्यांच्या दवाखान्यात चाचणीच उपलब्ध नव्हती आणि आणखी जवळपास पाचवा हिस्सा अटींत बसत नव्हता. २०२१ मध्ये त्याच संशोधकांनी पुढचा प्रश्न घेतला, ज्यांना विचारलं जातं ते काय म्हणतात? ५५ टक्के हो म्हणाले. अमेरिका वेगळी, आपण वेगळे, मान्य. पण 'लोक तयारच नसतात' हे गृहीत धरायला तिथेही आधार मिळाला नाही.

गावठाण_दवाखाना

दोन दिवसांनी परत लिहितोय, मधे एक अपघाताची केस होती.

भंडाऱ्याच्या ताईंना मी निरोप पाठवून त्यांचा नंबर घेतला. माझ्याकडे जिभेच्या कॅन्सरचे दोन पेशंट आहेत, दोघांचे रिपोर्ट पाठवले. एकजण बसत नाही, पाच मिनिटांत कळलं. दुसऱ्याचं बघत आहेत. बावीस वर्षांत पेशंटसाठी असा फोन मी कधी केला नव्हता.

मास्तर, गोंडवन, तुमच्यासाठी थोडं. आम्ही रोज जे उपचार 'पुस्तकातले' म्हणून देतो, ते पुस्तकात आले कुठून? तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा असला आणि मानेत गाठ लागत नसली तरी मानेच्या ग्रंथी त्याच ऑपरेशनमध्ये काढायच्या की गाठ दिसेपर्यंत थांबायचं, यावर वर्षानुवर्षं वाद होता. तो मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या चाचणीने मिटवला, २०१५ साली. आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, थांबलेल्यांत ६७.५ टक्के. आज मी जे ऑपरेशन करतो ते त्या पेशंटांनी सही केली म्हणून.

आणि ताई, हे लिहू की नको असा विचार करत होतो. दादांसारख्याच, म्हणजे ऑपरेशन शक्य नसलेल्या तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये टाटामध्ये १५१ पेशंटांची एक चाचणी झाली. तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या एका गटाला, आणि त्याच गोळ्यांसोबत निवोलुमॅब हे महागडं इंजेक्शन अगदी कमी मात्रेत, २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, दुसऱ्या गटाला. एक वर्षाने जिवंत राहिलेल्यांचं प्रमाण पहिल्यात १६.३ टक्के, दुसऱ्यात ४३.४ टक्के. पूर्ण मात्रा आपल्यातल्या कोणालाच परवडली नसती, म्हणून कमी मात्रेचा प्रश्न आपल्याच डॉक्टरांनी विचारला. इंजेक्शनच्या गटातही दर शंभरात ५६-५७ माणसं वर्षभरात गेली, हेही त्याच आकड्यांत आहे. तुम्ही ज्या अभ्यासाला फोन केला तो हाच असेल असं नाही. पण यात खरंच काही होतं का, हे तुमच्या मनात असेलच. होतं.

कपाशी_अकोट

डॉक्टरसाहेब, माझा सूर जरा जास्तच लागला होता. झेरॉक्सचं मात्र खरं आहे. फाइल आपली असते, ती मागितली की मिळाली पाहिजे.

भंडाऱ्याची_लेक

कपाशी दादा, फाइल तर हवीच, त्याशिवाय तुकड्याच्या तपासणीची काचपट्टी आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. बायोप्सी जिथे झाली त्या लॅबमध्ये असतात. नसले तर पुन्हा तुकडा काढावा लागतो, त्यात दिवस जातात.

आणि ज्या कोणाच्या घरी आत्ता निदान झालं आहे त्यांनी पहिल्या केमोच्या आधी डॉक्टरांना एवढं विचारा: "सर, आमच्या माणसासाठी कुठे चाचणी चालू आहे का, आणि ही केमो सुरू केल्यावर आम्ही त्यातून बाद होऊ का?" याचा दुसरा भाग कोणी विचारत नाही. मात्र उत्तराची वाट बघत उपचार लांबवू नका. आठवडाभरात कळलं नाही तर ठरलेला उपचार सुरू करा.

तुरीचं_शेत

सगळ्यांचे आभार. धुऱ्यावरच्या भाऊंचं वाचून मी वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपण तर दादापासून काही लपवलं नव्हतं. मग म्हणाली, "पण मुंबईचा फोन झाला ते तुमी त्यायले सांगतलं का?" नव्हतं सांगितलं. तीन केमो झाल्यात म्हणून घेत नाहीत, हे मी दादाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. डॉक्टरांना विचारायला गेले तेव्हा हे माझ्या लक्षात नव्हतं.

काल मी परत त्यांच्याकडे गेले. हा धागा त्यांना मोबाइलवर दिला. वाचायला त्यांना बराच वेळ लागला. काही बोलले नाहीत, भंडाऱ्याच्या ताईंनी लिहिलेला प्रश्न तेवढा समोरच्या पॅडवर उतरवून घेतला.

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आहेत. जिभेच्या कडेला जखम होती, तीन आठवडे झाले तरी भरली नाही म्हणून मीच मागे लागून बायोप्सी करायला लावली. शुक्रवारी रिपोर्ट आला. मुलगा म्हणत होता आईला सांगू नका. मी त्याला घरी बोलावून धुऱ्यावरच्या भाऊंची पोस्ट वाचायला दिली. रात्री त्याने स्वतःच सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मले वाटलंच होतं. आता काय काय करा लागते ते सांगा."

अजून कुठलाच उपचार सुरू झालेला नाही. रिपोर्ट भंडाऱ्याच्या ताईंना पाठवला आहे. मंगळवारी सकाळी सहाच्या एसटीने नागपूरला निघतोय. फाइल, रेशनकार्ड, आधार, काचपट्टी आणि ब्लॉक मी माझ्या पिशवीत घेतले आहेत. तिथे काय म्हणतात ते आल्यावर लिहिते.